डाव्या बरगडीची तक्रार

निरीक्षकांची दाढ तुटली ती पावाच्या मऊ भागावर. कडेवर तुटली असती तर एक वेळ चाललं असतं, पण मऊ भागावर! पुढचे तीन दिवस ते भेटेल त्याला हे अशा थाटात सांगत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, चूक पावाची आहे.

निरीक्षक म्हणजे वजनंमापं तपासणारे निरीक्षक. नोकरी संपून सहा वर्षं झाली होती, पण इमारतीत त्यांना अजून दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. एकतीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली आणि दरवेळी दोन साक्षीदार उभे करून रीतसर पंचनामा केला. "डोळ्यांना दिसतं ते मत, मोजून येतं ते माप," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. वाक्य तेवढं राहिलं होतं, आणि ते आता समोरच्या काकूंना नाहीतर खालच्या मजल्यावरच्या कॅशियरना ऐकावं लागे.

दातांच्या दवाखान्यात गर्दी होती. निरीक्षकांनी वर्तमानपत्र उघडलं आणि लगेच, म्हणजे त्यांच्या हिशेबानं लगेच, त्यांचा नंबर पुकारला गेला. उठताना पाहिलं तर बाकडावरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघून हसत होती. दात दुखत असतानाही माणसं हसू शकतात, याचं त्यांना कौतुक वाटलं.

डॉक्टरीण त्यांच्या लेकीपेक्षाही लहान होती. तिनं तुटकी दाढ पाहिली आणि मग पाहतच राहिली. वरचे दात, खालचे दात, जीभ, पडजीभ. एका खोलीचा भाव विचारावा आणि सगळं घर बघून घ्यावं, तसला प्रकार.

"काका, तुम्ही घोरता का?"

तोंडात आरसा, गालात कापूस, हनुवटीवर दिवा. अशा स्थितीत माणसानं आपला मान सांभाळायचा तरी कसा? तिनं आरसा काढल्यावर ते म्हणाले, "नाही."

"नक्की?"

"चौतीस वर्षं संसार केला. घरातून एकही लेखी तक्रार नाही."

"आणि तोंडी?"

हा प्रश्न निरीक्षकांना आगाऊ वाटला.

तिनं त्यांच्या हातात आरसा दिला. "हे बघा. दात वरून घासून सपाट झालेत, म्हणजे झोपेत तुम्ही ते करकरा खाता. जिभेच्या कडेला दातांचे वळ आहेत. खालचा जबडा जरा मागे आहे आणि घशाची वाट अरुंद. झोप लागली की जीभ मागे पडत असणार, वाट बंद होत असणार आणि श्वास थांबत असणार. मग मेंदू तुम्हाला दचकवून श्वास घ्यायला लावतो. रात्रभर हेच. सकाळी डोकं जड असतं का? दिवसा डुलकी लागते?"

"डुलकी? छे!"

"मघाशी बाहेर तुम्ही घोरत होतात. मला इथे ड्रिलच्या आवाजात ऐकू आलं."

बाकडावरची माणसं का हसत होती, ते निरीक्षकांना आत्ता कळलं. तेवढ्यात तिनं त्यांच्या गळ्याभोवती टेप गुंडाळली.

"या टेपवर पडताळणीचा शिक्का कुठे आहे?"

"काका, ही शिवणकामाची टेप आहे."

"म्हणूनच विचारतोय."

घोरणाऱ्यांचा गळा बहुधा जाड असतो, असं सांगत तिनं माप लिहून घेतलं. बिनशिक्क्याच्या टेपनं घेतलेलं माप कागदावर जाताना निरीक्षकांना पाहवेना. ती म्हणाली, "हे बघा, दात बघून मी फक्त संशय घेऊ शकते. खात्री करायची तर झोपेच्या डॉक्टरांकडे तपासणी करावी लागेल. पण हसण्यावारी नेऊ नका. हे असंच चालू राहिलं तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. आणखी कुठे दुखतंखुपतं?"

"काही नाही. पूर्वी रोज सकाळी डाव्या बरगडीत दुखायचं. ते गादीमुळे. तीन गाद्या परत केल्या, गादीवाल्याला चार पत्रं लिहिली. चौथी गादी लागू पडली. आता दीड वर्ष झालं, बरगडी एक अक्षर बोलत नाही."

"बरं. शेजारी कोण झोपतं तुमच्या?"

निरीक्षक छताकडे बघत म्हणाले, "आता कोणी नाही."

तिनं दिवा बाजूला केला. मग हळू आवाजात म्हणाली, "कोणीतरी तुम्हाला झोपलेलं पाहिलं तर बरं होईल, काका. झोपलेल्या माणसाला स्वतःचं काही कळत नाही."

दाढ बुजवून निरीक्षक बाहेर पडले ते चिडून. संशय, अंदाज, शिवणकामाची टेप! अशा पुराव्यावर त्यांनी भाजीवाल्यालासुद्धा कधी धरलं नव्हतं. पण चिडण्याचं खरं कारण दुसरं होतं. त्यांची लेक दुसऱ्या गावी राहायची. आई गेल्यावर तिनं बापाला एकटं राहू दिलं ते एका अटीवर. "पहिलं दुखणं आलं की तुम्ही माझ्याकडे यायचं, बाबा. चर्चा नाही." लेक चांगली, जावई चांगला, तिथली खोलीही हवेशीर. पण निरीक्षकांना जायचं नव्हतं.

कारण स्वयंपाकघरात बायकोच्या बरण्या होत्या. प्रत्येक बरणीवर तिनं चिठ्ठी चिकटवली होती, आणि निम्म्या चिठ्ठ्या चुकीच्या होत्या. साखर असलेल्या बरणीवर 'मीठ', चहाच्या बरणीवर 'तांदूळ'. दुसऱ्या कोणाच्या घरात असली नोंद सापडली असती तर निरीक्षकांनी दंड केला असता. बायकोला त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली होती, "मला माहीत आहे ना काय कुठे आहे!" आता ते माहीत असलेला जगात एकच माणूस उरला होता. तोच उठून लेकीकडे गेला तर?

तेव्हा लेकीच्या कानावर काही जाण्याआधी आपण घोरत नाही हे सिद्ध करायला हवं होतं. आणि सिद्ध करायची त्यांना एकच रीत माहीत होती.

"झोपेचा पंचनामा?" कॅशियर म्हणाले.

"दुपारच्या झोपेचा. दोन पंच. एक तुम्ही, एक समोरच्या काकू. तुम्ही मोबाइलवर आवाज घ्यायचा आणि दर पाच मिनिटांनी वहीत नोंद करायची."

कॅशियरना आनंदच झाला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर पाच मिनिटांनी काही करायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. काकू मात्र तयारीनिशी आल्या. त्यांना वाटलं, आपल्याला इलाज करायला बोलावलंय.

"माझ्या थोरल्या दिरांचं घोरणं एका चेंडूनं गेलं," त्या म्हणाल्या. "बनियनच्या पाठीला चेंडू शिवायचा. उताणं झालं की टोचतो, माणूस कुशीवर वळतो. तुमची एक बनियन द्या इकडे."

"काकू, आज फक्त तपासणी आहे."

"तपासणी करा की! चेंडू शिवून करा."

शेवटी निरीक्षक पाठीला चेंडू घेऊन पलंगावर आडवे झाले. पायाशी खुर्चीवर कॅशियर, उशाशी खुर्चीवर विणकाम घेऊन काकू. आपल्या अंथरुणाभोवती माणसं अशी बसलेली बहुधा एकदाच असतात, असा एक अभद्र विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

कॅशियरच्या वहीतली नोंद अशी आहे:

'२.०५. इसम पलंगावर उताणा आढळून आला. जागा. २.१०. इसम चेंडूमुळे कुशीवर. जागा. २.१५. इसमाने पंच क्रमांक दोन यांना दिरांविषयी बोलणे थांबवण्याची विनंती केली. २.२०. पंच क्रमांक दोन यांनी विनंती फेटाळली. २.२५. चेंडू निघून पलंगाखाली गेला. इसम पुन्हा उताणा. २.३०. इसम झोपी गेल्यासारखा वाटतो. आवाज नाही. २.३५. आवा'

पुढचा 'ज' कागदावर नाही. तिथून पेनाची एक रेघ घसरत घसरत पानाच्या टोकापर्यंत गेली आहे.

निरीक्षक जागे झाले तेव्हा त्यांना वाटलं, पाच मिनिटं झाली असतील. घड्याळात पावणेचार वाजले होते. पायाशी कॅशियर मान मागे टाकून, तोंड उघडून बिनघोर घोरत होते. काकूंची खुर्ची रिकामी होती. त्या बाहेरच्या खोलीत फोनपाशी उभ्या होत्या, आणि फोनवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा पहिला नंबर निरीक्षकांच्या लेकीचा होता.

"काय केलंत काकू?"

"काय करू मग?" काकूंचा चेहरा उतरला होता. "तुम्ही दोघंही सुरू झालात. ह्यांचं आपलं एकसारखं, पिठाच्या गिरणीसारखं. तुमचं मात्र चढत चढत जायचं आणि गप्प. एकदम गप्प! मी टाके मोजत बसले. एकदा बारा टाके झाले, एकदा सतरा. मग हिसका देऊन पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा बावीस टाके झाले, तेव्हा माझा धीरच सुटला. तुमच्या खांद्याला धरून हलवलं आणि केला फोन. येतेय ती. बसमध्ये बसली पण."

कॅशियर दचकून जागे झाले आणि म्हणाले, "मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

संध्याकाळी लेक आली. चपला काढतानाच तिनं माळ्यावरची मोठी बॅग कुठे आहे ते विचारलं. निरीक्षक म्हणाले, "आधी पुरावा ऐकून घे. एका पंचाच्या साक्षीवर निकाल लागत नाही." त्यांना अजून आशा होती की मोबाइलमधला आवाज एकट्या कॅशियरचा निघेल. कॅशियरची आशा बरोबर उलटी होती.

चौघं टेबलाभोवती बसले आणि मोबाइल मध्ये ठेवला. आधी बराच वेळ काकूंचे दीर ऐकू आले. मग एक आवाज, मग त्यात दुसरा.

"हा तुमचा," निरीक्षक म्हणाले.

"शक्य नाही," कॅशियर म्हणाले. "माझा आवाज इतका जाड नाही."

"थांबा," लेक म्हणाली. ती डोळे मिटून ऐकत होती. "हा बाबांचा. चढतोय बघा. आता आणखी चढणार. आता बंद." मोबाइलमध्ये एकटी गिरणी उरली. "आणि आता आई मारणार," असं म्हणून लेकीनं उजवं कोपर हवेत मागे मारलं. मग मोबाइलमधूनच हिसका आला, आणि निरीक्षकांचा श्वास सुरू झाला.

"कोण काय मारणार?" निरीक्षकांनी विचारलं.

लेकीनं डोळे उघडले. "कोपर. आई तुम्हाला कोपर मारायची ना, तुमचा श्वास थांबला की. मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं. आधी घोरणं, मग गप्प, मग 'अहो, वळा!' आणि मग पुन्हा घोरणं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. तुम्हाला माहीत नाही?"

"ती मला कधी काही बोलली नाही."

"सांगितलं तर तुम्ही पंचनामा कराल म्हणायची."

कॅशियर खोकले. काकूंनी विणकाम काढलं, टाके चुकले, पुन्हा घातले. निरीक्षकांचा हात आपोआप डाव्या बरगडीवर गेला. पलंगाच्या डाव्या बाजूला बायको झोपायची. चौथी गादी आली त्याच आठवड्यात ती इस्पितळात गेली होती, आणि तिथून परतलीच नव्हती. पहिल्या रात्रीपासून बरगडीचं दुखणं थांबलं, आणि निरीक्षकांनी गादीवाल्याला पाचवं पत्र लिहिलं होतं, अभिनंदनाचं.

"दुपारी ती झोपायची," ते थोड्या वेळानं म्हणाले. "रोज दोन-दोन तास. मी म्हणायचो, एवढी कसली ही झोप!"

लेक उठून चहा करायला आत गेली आणि आतून ओरडली, "बाबा, चहा कुठे आहे?"

"तांदळात!" निरीक्षक ओरडले.

रात्री बॅगेवरून वाटाघाटी झाल्या. निरीक्षकांनी घोरणं मान्य केलं, पण बॅग अमान्य केली. त्यांचं म्हणणं असं, की तराजू खोटा निघाला म्हणून आपण दुकान बंद करत नाही. तराजू दुरुस्त करायला लावतो आणि पुन्हा तपासतो. लेकीनं विचार केला. "ठीक आहे. तपासणी करा, इलाज करा, पुन्हा तपासणी करा. दुसऱ्या तपासणीत श्वास थांबलेला दिसला तर बॅग. माप तुमचंच."

झोपेच्या दवाखान्यात खिडकीमागे एक कारकून बाई होत्या आणि त्यांच्याकडे एक चार पानी अर्ज होता. निरीक्षकांनी तो इतका नीट भरला की बाईंनी आदरानं वर पाहिलं. मग त्यांचं बोट तिसऱ्या पानावर थांबलं.

"शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीचं निवेदन आणि सही. हा रकाना रिकामा चालत नाही."

"त्या व्यक्ती हयात नाहीत."

"मग 'लागू नाही' लिहा."

"लागू नाही कसं?" निरीक्षकांचा आवाज चढला. "चौतीस वर्षं लागू होतं!"

लेकीनं पेन घेतलं आणि रकान्यात भराभर लिहिलं: 'घोरतात. श्वास थांबतो. कोपर मारल्यावर सुरू होतो.' खाली स्वतःची सही केली आणि कंसात 'आईच्या वतीने'.

बाईंनी वाचलं. "तुम्ही शेजारी झोपत होतात?"

"भिंतीपलीकडे. तिथवर ऐकू यायचं."

बाईंनी जरा वेळ त्या दोघांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. नियमात बसत नसलेल्या कागदावर मारलेला शिक्का आयुष्यात पहिल्यांदा निरीक्षकांना बरोबर वाटला.

तपासणीचं यंत्र घरी न्यायचं होतं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी. यंत्राच्या पाठीवर पडताळणीची तारीख होती, त्यामुळे निरीक्षक निश्चिंत मनानं झोपले. निकाल आला: तासाला एकोणीस वेळा श्वास थांबतो. झोपेचे डॉक्टर म्हणाले, मध्यम आहे. हवेचं यंत्र आणि मुखवटा लावता येईल, नाहीतर दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचं साधन करून घेता येईल. ज्यांनी संशय घेतला त्यांच्याकडेच जा.

निरीक्षक मान खाली घालून पुन्हा त्याच खुर्चीत बसले. डॉक्टरिणीनं "मी म्हटलं होतं ना" असं म्हटलं नाही. त्याऐवजी तिनं गुलाबी लगदा भरलेला साचा त्यांच्या तोंडात दाबला आणि चार मिनिटं धरून ठेवला. त्या चार मिनिटांत तिनं सगळं समजावून सांगितलं, आणि निरीक्षकांना एकदाही मध्ये बोलता आलं नाही. साधन म्हणजे दोन पारदर्शक साचे, एक वरच्या दातांना, एक खालच्या. दोन्ही एकमेकांत असे अडकतात की झोपेत खालचा जबडा पुढे राहतो, त्याच्याबरोबर जीभही पुढे राहते आणि वाट उघडी. जबडा एकदम ओढायचा नाही, दर आठवड्याला थोडा थोडा.

"थोडा म्हणजे किती?" साचा निघाल्याबरोबर त्यांनी विचारलं.

"अर्धा मिलिमीटर."

निरीक्षक खुर्चीत ताठ बसले. अर्धा मिलिमीटर! ही मुलगी मापातली आहे हे त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या खेपेला ते नोकरीतली आपली मोजपट्टी घेऊन गेले, शिक्क्याची. साधन एका खेपेला किती पुढे सरकतं ते मोजलं. बरोबर अर्धा मिलिमीटर भरलं. त्यांनी टेबलावरची तिची शिवणकामाची टेप उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि खिशातून नवी, शिक्क्याची टेप काढून तिच्यापुढे ठेवली.

पहिला आठवडा वाईट गेला. लाळेनं उशी भिजली. सकाळी जबडा असा दुखे की पाव दुधात बुडवून, तोही मऊ भागच, खावा लागे. एकदा साधन काढायचं विसरून त्यांनी दार उघडलं, तर काकू दोन पावलं मागे सरल्या. "रागावलात का हो? नाही, तुमची हनुवटी अशी पुढे आली आहे, म्हणून विचारलं." कॅशियर रोज खालून वर येऊन चौकशी करत. मग एक दिवस हळूच म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाई नवीन माणसं घेतात का? नाही, मी आपला सहज."

सहा आठवड्यांनी तेच यंत्र पुन्हा घरी आलं. दुसऱ्या दिवशी लेक स्वतः निकाल आणायला गेली. निरीक्षक घरी बसून राहिले. माळ्यावरची बॅग त्यांना तिथूनही दिसत होती.

लेक आली, कागद टेबलावर ठेवला. तासाला तीन.

"पाचच्या आत म्हणजे ठीक असतं," ती म्हणाली. मग सरळ स्वयंपाकघरात गेली, 'तांदूळ' लिहिलेली बरणी न विचारता काढली आणि चहा ठेवला. बॅगेचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता एकच काम राहिलं होतं. निरीक्षक गादीच्या दुकानात गेले. त्यांना पायरीवर पाहून गादीवाला आतल्या खोलीकडे वळला होता, पण वेळेत पोचला नाही.

"साहेब, पाचव्या पत्रात तुम्हीच लिहिलं होतं, चौथी गादी उत्तम म्हणून. मी ते जपून ठेवलंय."

"तक्रार घेऊन नाही आलो. तक्रार मागे घ्यायला आलोय." त्यांनी खिशातून कागद काढला. पहिल्या तिन्ही गाद्या निर्दोष होत्या, असं त्यात रीतसर लिहिलं होतं. खाली सही, तारीख.

गादीवाल्यानं कागद दोनदा वाचला. तीस वर्षांच्या धंद्यात त्याला असं पत्र आलं नव्हतं. "मग दोष कशाचा होता?"

"दोष माझा होता. कोपर बायकोचं होतं."

गादीवाल्याला काही कळलं नाही, पण त्यानं मान हलवली. निरीक्षक निघाले तेव्हा त्यानं गिऱ्हाईक जोडायचं म्हणून विचारलं, "आणि आताची गादी, साहेब? झोप लागते ना नीट?"

"उत्तम लागते. कुठे काही दुखत नाही." निरीक्षक दारात थांबले. "तेवढी एकच तक्रार आहे. पण ती लिहून देत नाही."